डाग इथे, गळती तिथे

ठाण्या-डोंबिवलीतल्या सोसायटीत जुनी जीप बाळगणाऱ्याला सेक्रेटरीकडून पहिली तंबी मिळते ती बहुधा इंजिनाच्या आवाजाबद्दल नसते, पेव्हर ब्लॉकवरच्या डागाबद्दल असते. डाग काळा असेल तर इंजिन ऑइल. पातळ, पसरट आणि धुतला तरी वास न सोडणारा असेल तर डिझेल. पेट्रोल असेल तर सकाळपर्यंत डागच उरत नाही, वास तेवढा उरतो. मालक गाडीखाली डोकावतो, थेंब जिथून पडतोय तिथला नट आवळतो आणि हात पुसून मोकळा होतो. आठवडाभरात डाग पुन्हा हजर.

कारण थेंब पडतो ती जागा आणि गळते ती जागा सहसा एक नसते. डिझेल हा चिवट, रांगणारा द्रव आहे. वरच्या पाइपाला पाझर फुटला की तो पाइपाच्या खालच्या अंगाने सरकत येतो, ब्रॅकेटवर उतरतो, चासीच्या कडेने फूटभर पुढे जातो आणि सगळ्यात खालचा बोल्ट सापडला की तिथून टपकतो. गाडी चालू असेल तर पंख्याचा वारा आणि रस्त्याची धूळ त्याला आणखी मागे नेतात. अशा वेळी खालचा बोल्ट आवळणारा मालक निर्दोष बोल्टाचे आटे घालवतो, एवढंच.

ही गाडी म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा महिंद्राची एमएम 540 किंवा तिची भावंडं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलिस जीपचे सुटे भाग जोडून सुरू झालेल्या घराण्यातली ही पुढची पिढी. पेट्रोल परवडेना तसं महिंद्राने 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी करार केला आणि एक्सडीपी 4.90 हे डिझेल इंजिन जीपच्या बॉनेटखाली आलं. नावातच त्याची कुंडली आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर. त्यातून निघतात 2112 सीसी आणि साठ-बासष्ट अश्वशक्ती, म्हणजे आजच्या छोट्या हॅचबॅकपेक्षाही कमी. त्याच प्यूजोने नव्वदच्या दशकात प्रीमियरशी हातमिळवणी करून आपल्या कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कारखान्यात 309 ही गाडी काढली आणि दशक संपायच्या आत गाशा गुंडाळला. ती गाडी आज शोधूनही सापडत नाही. प्यूजोच्या इंजिनाची जीप मात्र अजून धावते, आणि रविवारी टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या बाजूला चिखलात रुतून निघते. कारखाना गेला, त्याचं मैदान सभांसाठी उरलं. इंजिनाने मात्र नाव राखलं, हे मला गमतीचं वाटतं.

अशा गाडीची डिझेलची वाट साधी आहे. टाकीतून डिझेल फीड पंप ओढतो, फिल्टरमधून ते डिझेल पंपाकडे जातं, पंप ते जबरदस्त दाबाने नोझलकडे ढकलतो आणि नोझलवरून उरलेलं ओव्हरफ्लो पाइपाने टाकीकडे परततं. गळती शोधणाऱ्याने ही वाट तीन तुकड्यांत पाहायची: टाकी ते फीड पंप ही ओढीची बाजू, फीड पंपापासून नोझलपर्यंत दाबाची, आणि शेवटी परतीची. तिन्ही बाजू वेगवेगळ्या बोलतात, आणि अर्धं निदान कोणती बाजू बोलते आहे हे ओळखण्यातच असतं.

म्हणून मुरलेला मिस्त्री आधी गाडीखाली जात नाही, प्रश्न विचारतो. संवाद साधारण असा:

"साहेब, सकाळी पहिल्या सेल्फला घेते का?"

"नाही हो. पाच-सहा सेल्फ मारावे लागतात. एकदा चालू झाली की मग दिवसभर काही नाही."

"आणि खाली डिझेल सांडतं?"

"थोडं. पण तेवढ्याने काय होणार?"

"सांडतं त्याचं सोडा. ती एअर घेतेय."

इथे सगळी मेख आहे. ओढीच्या बाजूला पाइपाला बारीक चीर असेल तर तिथून डिझेल बाहेर येईलच असं नाही. इंजिन चालू असताना फीड पंप आतून ओढत असतो, त्यामुळे बाहेरची हवा आत शिरते. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा शिरून पाइपातलं डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंपाच्या वाट्याला हवा येते. म्हणजे गाडीखाली एक थेंब नाही, फडकं कोरडं, आणि तरी गळती आहेच. माझ्या मते जुन्या डिझेल जीपची सगळ्यात खर्चीक गळती हीच. ती दिसत नाही म्हणून मालक बॅटरी बदलतो, मग सेल्फ, मग हीटर प्लग, शेवटी डिझेल पंप उघडायला देतो. हजारो रुपये जातात आणि दोष असतो हातभर रबरी पाइपात.

ती पकडायची युक्ती स्वस्त आहे. फीड पंपाच्या आधीचा पाइप काढून तिथे डिझेल सहन करणारा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा तात्पुरता बसवायचा, हँड प्रायमरने एअर काढायची, गाडी चालू करायची आणि बघत बसायचं. आधी पिवळसर डिझेल संथ वाहतं. मग एक बारका बुडबुडा येतो, मग दोन, मग माळच. बुडबुडे दिसले की दोष त्या तुकड्याच्या मागे, टाकीच्या दिशेला. तुकडा एकेक सांधा मागे सरकवत जायचं. ज्या सांध्यापलीकडे बुडबुडे थांबतात तिथे हात ठेवायचा. शंका उरलीच तर टाकी बाजूला करून गाडी बाटलीवर चालवायची: बॉनेटजवळ डिझेलची बाटली नीट बांधायची आणि पंपाला थेट तीच पाजायची. बाटलीवर गाडी पहिल्या सेल्फला घेत असेल तर पंप निर्दोष, खटला टाकीवर आणि पाइपांवर.

दाबाच्या बाजूचा प्रकार उलटा. इथे गळती लपत नाही, फक्त नेमकी जागा लपवते. म्हणून आधी इंजिन धुवायचं, वाळवायचं, संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि गाडी पाचेक मिनिटं चालवायची. पांढऱ्यावर पहिला ओला ठिपका जिथे उमटेल तो गुन्हेगार. बहुतेकदा तो बँजो बोल्टाखालचा तांब्याचा वायसर निघतो. हा वायसर मऊ असतो आणि एकदा आवळला की दोन्ही बाजूंच्या खाचा स्वतःवर घेतो. त्यामुळे तो उघडला की नवाच घालायचा हा नियम आहे, आणि गॅरेजमध्ये सर्वात जास्त मोडला जाणारा नियमही हाच. जुना वायसर घासून पुन्हा बसवला की महिनाभर टिकतो. मग मालकाला वाटतं गळती नवी आहे. नवी कसली, जुनीच, सुट्टीवर गेली होती.

नोझलच्या स्टीलच्या पाइपांजवळ मात्र हात घालायचा नाही. तिथे दाब शंभर बारच्या वर असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-सव्वादोन बार. बारीक छिद्रातून सुटलेली डिझेलची धार डोळ्याला दिसत नाही, पण कातडी भेदून आत शिरू शकते आणि ती जखम थेट शस्त्रक्रियेपर्यंत जाते. तिथे पुठ्ठा फिरवावा, बोट नव्हे.

आता डोंगरातला भाग. काही गळत्या सपाट रस्त्यावर मुळी होतच नाहीत. टाकी भरलेली आणि गाडी एका अंगावर कललेली असली की डिझेल काट्याच्या युनिटच्या गॅस्केटपर्यंत किंवा भरणीच्या नळीपर्यंत चढतं आणि तिथल्या चिरेतून सुटतं. घरी येईपर्यंत टाकी अर्धी झालेली असते आणि गळती गायब. म्हणून गॅरेजमध्ये नेण्याआधी टाकी काठोकाठ भरून एक चाक चढावर ठेवावं. उलट प्रकारही होतो. टाकीचा श्वास घ्यायचा ब्रीदर चिखलाने बुजतो, टाकीत पोकळी तयार होते आणि भर चढावर इंजिन अडखळतं. झाकण उघडताच फुस्स आवाज आला तर फिल्टरवर पैसे घालवू नका.

विलिसच्या मूळ आराखड्यात टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, पत्र्याच्या खळग्यात ठेवली होती. त्या खळग्यातून पाणी जायचं भोक चिखलाने बंद झालं की टाकीचा तळ पावसाळाभर भिजत राहतो. मारुतीची जिप्सी, जी डिसेंबर 1985 पासून 970 सीसीच्या पेट्रोल इंजिनावर विकली गेली, तिची टाकी मागे, खालून पत्र्याचं संरक्षण घातलेली. तो पत्रा दगडापासून वाचवतो आणि माती मात्र साठवून ठेवतो. दोघींची टाकी सडते ती अशी बाहेरून. वरून चकचकीत रंग मारलेली जुनी गाडी घेताना तिथे हात घालून पाहणारे गिऱ्हाईक थोडेच.

पेट्रोलच्या गाडीत दाब कमी. कार्बोरेटरच्या पडद्याच्या पंपाचा तो पाव बारच्या आसपास असतो. धोका मात्र जास्त. पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल खालच्या छोट्या भोकातून बाहेर येतं, किंवा गुपचूप चेंबरमध्ये उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची काडी काढल्यावर पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथेच बंद करावी. कार्बोरेटरमधून पेट्रोल ओसंडत असेल तर फ्लोटची सुई बसत नाही, किंवा फ्लोटलाच भोक पडून तो बुडालेला असतो.

त्यात आता इथेनॉल. जून 2022 मध्ये देशभरातल्या पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण 10 टक्क्यांवर गेलं आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर. इथेनॉल पाणी ओढून घेतं. जुन्या जिप्सीचे रबरी पाइप आणि पडदे या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, मग तडकतात. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे जास्त जाणवतं, आणि शहरातल्या जुन्या जीपगाड्या बहुतेक उभ्याच असतात. धोरणाचं बरं-वाईट इथे काढत नाही, पण जुन्या गाडीच्या मालकाला पंपावर दुसरा पर्याय ठेवायला हवा होता असं माझं मत आहे.

डिझेल सहज पेट घेत नाही, हा समज डोंबिवलीच्या उन्हाळ्यात बाळगू नये. भारतीय मानकात त्याची वाफ ठिणगीने पेट घेण्याची किमान मर्यादा 35 अंश ठरवली आहे, आणि एप्रिल-मेमध्ये इथली हवाच त्याच्या वर जाते. तापलेल्या एक्झॉस्टची गोष्टच वेगळी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती तळघरातल्या पार्किंगमध्ये जमिनीलगत साचते. गळणारी पेट्रोल गाडी तिथे रात्रभर ठेवणं म्हणजे वरच्या सगळ्या मजल्यांना त्यात ओढणं.

रस्त्यात टाकीला भोक पडलं तर अंगाचा साबण चोळून बुजवायची जुनी युक्ती आहे. साबण पेट्रोल-डिझेलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे मुरबाडहून कल्याण गाठता येतं. त्यापुढे मात्र त्या युक्तीला काही किंमत नाही. रिकामी टाकी वेल्डिंगला देणं तर सरळ जीवघेणं आहे. डिझेल संपलं तरी वाफ संपत नाही आणि भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त जोरात फुटते. अनुभवी रेडिएटरवाले ती आधी अनेकदा धुतात आणि पाण्याने जवळजवळ भरून मगच डाग देतात. पाणी न भरता डाग देणाऱ्याकडून टाकी उचलून आणावी.

पावसाळ्याआधी टाकीपासून फीड पंपापर्यंतचे सगळे रबरी पाइप आणि क्लिपा एकदम बदलून टाका, एकेक करत बसू नका. पाइप घेताना त्यावर इंधनासाठीचा असल्याचं छापलेलं आहे का ते वाचा. पाण्याचा किंवा हवेचा पाइप दिसायला तसाच असतो, स्वस्तही पडतो, आणि वर्षभरात आतून सुटून त्याचा चुरा फिल्टरमध्ये जाऊन बसतो.