विश्लेषण : ‘फ्लाइंग डॉक्टर’साठी रात्री धावपट्टी कोण उजळते?

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील एखाद्या वस्तीवर रात्री कुणाच्या छातीत दुखू लागले किंवा प्रसूतीत गुंतागुंत झाली, तर रुग्णवाहिका म्हणून विमान येते. ते जिथे उतरते, त्यातल्या अनेक धावपट्ट्यांवर ना नियंत्रण मनोरा असतो, ना पगारी कर्मचारी. दिवे पुसणे, बॅटऱ्या बदलणे, गवत कापणे ही कामे स्थानिक मंडळीच आपला व्याप सांभाळून करतात. हे काम दिसते तितके सोपे का नाही, याविषयी...

ही सेवा नेमकी काय?

धर्मोपदेशक जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांतून मे १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधील क्लॉनकरी येथून हवाई वैद्यकीय सेवा सुरू झाली. तीच आजची ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’. अंतर्भागात मोठे रुग्णालय कित्येकदा शेकडो किलोमीटर दूर असते, त्यामुळे गावाजवळची किंवा गुरांच्या विस्तीर्ण कुरणाशेजारची मातीची पट्टी हाच दवाखान्याचा रस्ता. दिवसा प्रश्न नसतो. रात्री मात्र वैमानिकाला पट्टीच्या कडा दिसाव्या लागतात. दिवे नसलेल्या ठिकाणी पत्र्याच्या डब्यांत रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेले टॉयलेट पेपरचे रोल पेटवून धावपट्टी आखल्याचे प्रसंग आहेत. आपल्याकडच्या पलित्यांचाच हा प्रकार. आता त्यांची जागा बहुतेक ठिकाणी सौर किंवा बॅटरीवरील एलईडी दिव्यांनी घेतली आहे.

दिवे किती लागतात?

आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, उपकरणांच्या आधारे उतरण्याची सोय असलेल्या धावपट्टीवर कडेच्या दोन दिव्यांतील अंतर ६० मीटरपेक्षा जास्त नसावे. साध्या धावपट्टीवर १०० मीटरपर्यंत चालते. म्हणजे १२०० मीटरच्या साध्या पट्टीला दोन्ही बाजूंना १३-१३ असे किमान २६ पांढरे दिवे हवेत. शिवाय सुरुवातीला हिरवे, शेवटी लाल आणि वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी मोज्यावर वेगळा प्रकाश. आकडा छोटा आहे, पण हे सगळे उघड्या माळावर ऊन, धूळ आणि जनावरांच्या सोबतीने वर्षानुवर्षे उभे राहायचे असते.

ते लावतो कोण?

अनेक ठिकाणी खुद्द वैमानिकच. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर रेडिओचे बटण तीनदा, प्रत्येक वेळी किमान एक सेकंद दाबले की जमिनीवरचा रिसीव्हर दिवे चालू करतो. ते किमान ३० मिनिटे चालू राहतात आणि विझण्याआधीची १० मिनिटे वाऱ्याच्या मोज्यावरचा दिवा लुकलुकू लागतो. वेळ वाढवायची तर पुन्हा बटण दाबायचे. अमेरिकेतही अशीच सोय आहे. तिथे पाच सेकंदांत तीन, पाच किंवा सात वेळा बटण दाबून दिव्यांची प्रखरता ठरवता येते.

मग माणसाची गरज काय?

खरी मेख इथेच आहे. रिसीव्हर बंद पडला तर विमान अंधारावर घिरट्या घालत राहील. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या नियमांनुसार अशा धावपट्टीकडे रात्री निघालेल्या विमानाला साधारणपणे दुसऱ्या विमानतळापर्यंत पुरेल इतके इंधन सोबत ठेवावे लागते. जमिनीवर दिवे हाताने चालू करू शकणारी जबाबदार व्यक्ती हजर असेल, तर मात्र सूट मिळते. रात्री दोन वाजता दूरध्वनी आल्यावर अंगात जाकीट चढवून स्विचपाशी जाऊन थांबणारा माणूस हा असा थेट इंधनाच्या हिशेबात मोजला जातो. तोच गाडी घेऊन पट्टीवरून एक फेरीही मारतो, कारण रात्री कांगारू आणि गुरे मोकळ्या जागेवर येऊन बसतात.

बिघाड होतो कशात?

बहुतेकदा क्षुल्लक गोष्टींत. सौर पॅनेलवर धूळ बसली की चार्जिंग कमी होते. ४५ अंशांच्या उन्हात बॅटरीचे आयुष्य घटते आणि ती एकदम मरत नाही. संध्याकाळी दिवा लागतो, पण पहाटेपर्यंत टिकत नाही. त्यामुळे अंधार पडल्यावर लगेच केलेल्या तपासणीत असा दिवा पास होतो. पावसाळ्यानंतर गवत भिंगाच्या वर जाते. ते कापायला आलेले यंत्र दिव्यालाच धडकते. दिव्याचा खांब मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो, जेणेकरून विमानाचे चाक लागले तर तुटावा दिवा, विमान नव्हे. साहजिकच गवत कापण्याच्या यंत्रापुढेही तो टिकत नाही. सुटे सांधे साठ्यात ठेवणे हा म्हणूनच देखभालीचा भाग.

तारेवरच्या जुन्या प्रणालीची तऱ्हा वेगळी. मोठ्या धावपट्ट्यांवरचे दिवे बहुधा दिवाळीच्या माळेसारखे एकाच सर्किटमध्ये, ६.६ अँपिअरपर्यंतच्या नियंत्रित प्रवाहावर चालतात. माळेत एक बल्ब गेला की सगळी माळ विझते; इथे तसे होऊ नये म्हणून प्रत्येक दिव्याला स्वतंत्र छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. बल्ब गेला तरी प्रवाह पुढे जात राहतो. मात्र जमिनीतल्या जोडांत पाणी शिरले किंवा उंदराने केबल कुरतडली की विद्युतरोधन हळूहळू उतरत जाते. ते मेगरने ठरावीक काळाने मोजून नोंदवले, तर केबल दगा देण्याआधी कळते. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, मागच्या नोंदींशी तुलना करावी लागते. स्वयंसेवकांच्या कामात नेमकी ही वहीच सर्वात आधी मागे पडते.

दिवा लागतो, एवढे पुरेसे नाही?

नाही. निकषांनुसार मुख्य झोताची सरासरी तीव्रता ठरलेल्या मूल्याच्या निम्म्याखाली गेली, तर चालू असलेला दिवाही नादुरुस्तच धरला जातो. त्यामागे कारण आहे. भोवती पूर्ण काळोख आणि समोर फक्त पट्टीचे दिवे असतील, तर वैमानिकाला आपण आहोत त्यापेक्षा उंचावर आहोत असा भास होऊ शकतो आणि तो नकळत खाली येतो. वैमानिक याला ‘ब्लॅक होल’ म्हणतात. दिव्यांच्या दोन रांगांवरूनच त्याला अंतर आणि उतार यांचा अंदाज घ्यायचा असतो. त्यातले सलग दोन-तीन दिवे मंद असतील तर हा अंदाजही फसतो.

खर्चाचे काय?

दुर्गम पट्ट्यांच्या सुधारणेसाठी ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारची अनुदान योजना आहे आणि तिच्यातून दिवे घेता येतात. पण एकदा मिळालेले दिवे दर आठवड्याला पुसायला कुणी तरी लागतेच. महाराष्ट्रातही ‘नाइट लँडिंग’ची मागणी वारंवार होते; शिर्डी विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला, रात्रीची सोय यायला २०२५ उजाडले. तिथे निदान देखभालीला पगारी यंत्रणा आहे. ऑस्ट्रेलियातल्या छोट्या वस्त्यांत तरुण शहराकडे जात असताना पुढची वही कोण भरणार, हा प्रश्न दिव्यांच्या किमतीपेक्षा मोठा आहे.