नाईलकाठी असलेल्या मुलाची भेट

खोपटच्या एस. टी. स्थानकाजवळ ज्यांचे बिऱ्हाड आहे, त्यांस प्रवासाच्या तयारीचे फारसे अप्रूप राहत नाही. पहाटेपासून कोकणच्या व घाटावरच्या गाड्या डोळ्यांदेखत सुटत असतात. कोणी गावी निघाले की रात्रीतून दशम्या होतात, पिशवी भरते आणि माणूस मार्गस्थ होतो. परंतु २०२४ साली आमच्या घरात एका प्रवासाची तयारी तब्बल सात महिने चालली. आरंभी निघावयाची होती सात माणसे. प्रत्यक्षात निघाली दोन. असे का झाले आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते येथे सांगावयाचे योजिले आहे. आज पुष्कळ मराठी घरांतील मुले सैन्यात आहेत. त्यांपैकी काहींना परमुलखी जावे लागते, आणि मागे राहिलेल्यांच्या मनात भेटीची एकच तळमळ असते. त्यांस आमचा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

आमचा पुतण्या सैन्यात मेजर. २०२३ च्या पावसाळ्याअखेर त्याची नेमणूक एका वर्षासाठी दक्षिण सुदानमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत झाली. हा देश ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. त्याच महिन्यात शांतिसेनेचे तेथील कार्य सुरू झाले, आणि २०१३ च्या डिसेंबरात तेथे यादवी पेटल्यापासून त्या कार्याला बिकट स्वरूप आले. आपल्या सैन्याला अशी कामगिरी नवी नाही. १९५० साली कोरियात आपले वैद्यकीय पथक गेले होते. पुढे काँगोत आपली फौज होती व तेथेच ५ डिसेंबर १९६१ रोजी कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आले. दक्षिण सुदानमधील शांतिसेनेचे सेनापतिपद तर २०१९ ते २०२२ या काळात लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर यांच्याकडे होते. हे सारे अभिमानाचे खरे. पण घरातल्या माणसांच्या ध्यानात मात्र दुसऱ्याच तारखा राहतात. ९ एप्रिल २०१३ रोजी त्याच देशात घात घालून झालेल्या हल्ल्यात आपले पाच सैनिक पडले, आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला अकोबोच्या ठाण्यावर आणखी दोन. आमच्या वहिनींनी, म्हणजे पुतण्याच्या आईने, या गोष्टी कोठूनशा वाचल्या होत्या. त्यांनी त्याविषयी एक अक्षर काढले नाही. एवढेच की रात्री साडेनऊनंतर त्या फोनपासून हलत नसत. आपल्या साडेनऊला तिकडे सायंकाळचे सहा वाजतात, आणि तीच त्याच्या बोलण्याची वेळ होती.

कोजागिरीच्या रात्री गच्चीवर दूध आटत असता भेटीचा विषय प्रथम निघाला. दादा, वहिनी, सूनबाई, सहा वर्षांची नात, आम्ही उभयता आणि धाकटा पुतण्या असे सर्वांनीच जावयाचे ठरून गेले. कोणी छावणी पाहणार होते, कोणी वन्य पशू पाहणार होते. त्या उत्साहात एक साधा प्रश्न विचारावयाचा राहिला: जेथे तो आहे तेथे आपणांस जाऊ देतील काय?

उत्तर सरळ होते. नाहीत. दक्षिण सुदानसारख्या ठिकाणची नेमणूक ही कुटुंबावाचून राहण्याची नेमणूक असते. पुतण्या मलकाल येथे, पांढऱ्या नाईलच्या काठी होता. तेथे पाहुण्यांस मज्जाव. अशा वेळी सैनिकाने रजेवर बाहेर यावयाचे व घरच्यांनी त्याला एखाद्या तिसऱ्या ठिकाणी गाठावयाचे, हाच मार्ग उरतो. रजा मिळविणे आणि ती अमुक देशात घालविण्याची परवानगी काढणे हे त्याचे काम. त्यात घरच्यांनी घाई करू नये. आमच्या बाबतीत युगांडातील एन्टेबे हे गाव सोयीचे ठरले. तेथे संयुक्त राष्ट्रांचे मोठे ठाणे आहे, आणि मुंबईहून एन्टेबेला थेट विमान २०२३ च्या ऑक्टोबरातच सुरू झाले होते. वाटेत कोठे विमान बदलावयाचे नाही, ही लहान मूल बरोबर असणाऱ्यास केवढी सोय आहे ते सांगावयास नको.

दुसरी अडचण आली ती पीतज्वराची, म्हणजे ज्याला यलो फीवर म्हणतात त्याची. हा रोग डासांपासून होतो. आपल्या देशात तो नाही, परंतु तो फैलावणारा डास मात्र आपल्याकडे भरपूर आहे. म्हणून सरकार या बाबतीत अत्यंत कडक असते. युगांडात शिरतानाही लस टोचल्याचा दाखला लागतो आणि परत येतानाही. दाखला नसेल तर परतलेल्या प्रवाशास सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. ही लस वाटेल त्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रातच ती टोचून घ्यावी लागते. टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. अर्थात प्रवासाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून काही उपयोग नाही. ज्यांना अंड्याचे तीव्र वावडे आहे त्यांना ही लस चालत नाही. आणि साठी उलटलेल्या माणसास ती पहिल्यानेच द्यावयाची तर डॉक्टर दहा वेळा विचार करतात, कारण या वयात क्वचित का होईना, गंभीर उपद्रव होण्याचा संभव अधिक असतो.

दादा एकाहत्तर वर्षांचे, त्यातून हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. त्यांचे जाणे तेथेच रहित झाले. वहिनी अडुसष्ट वर्षांच्या, पण प्रकृतीने ठणठणीत. डॉक्टरांनी त्यांना तपासले व धोका कितपत आहे ते नीट समजावून सांगून निर्णय घरच्यांवर सोपविला. घरात आठ दिवस तोच विषय. सूनबाईंचा आग्रह होता की सासूबाईंनी यावेच. एके रात्री स्वयंपाकघर आवरताना वहिनींनी आपला निर्णय सांगितला.

"मी काही येत नाही. लशीला मी भीत नाही. पण त्याची रजा दहा दिवसांची. येण्याजाण्याचे दोन गेले. उरलेल्या आठांत मी समोर बसले, तर तो शहाणा मुलगा होऊन माझ्यापाशी बसेल. त्याला थोडे दिवस नुसता नवरा आणि बाप होऊ द्या."

"पण आई, तुम्ही का नाही आलात म्हणून विचारलं, तर काय सांगू?" सूनबाई म्हणाल्या.

"सांग, डॉक्टर नको म्हणाले."

"डॉक्टर तसं कुठं म्हणाले?"

"ते मी बघते."

येथे मात्र आम्हांस मध्ये बोलावे लागले. परमुलखी असलेल्या शिपायाला घरची बातमी खरी कळली पाहिजे, असे आमचे मत आहे. एक गोष्ट लपविली असे त्याला कळले की पुढे "सगळे ठीक आहे" या शब्दांवरही त्याचा विश्वास बसत नाही, आणि ज्या ठिकाणी त्याचे चित्त कामावर असावयाचे तेथे ते घरात घुटमळू लागते. वहिनींना हे पटले. दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांनी मुलाला खरे कारण सांगितले. तो क्षणभर बोलला नाही. मग म्हणाला, "आई, दिवाळीला मी येतोच आहे. तेव्हा मुलगा होऊन बसेन."

आईच मागे राहिली म्हटल्यावर आम्हां बाकीच्यांना आपापली पायरी कळली. धाकट्या पुतण्याने नाव काढून घेतले, आमच्या घरातूनही तोच विचार झाला. मग नवाच प्रश्न उभा राहिला: सूनबाईंनी लहान मुलीला घेऊन एकटीने आफ्रिकेत जावे काय? सोबतीला पुरुषमाणूस हवे, असे दादांचे म्हणणे, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही. सूनबाई बँकेत अधिकारी आहेत. तरीही आम्ही त्यांना हे ऐकविले. त्या हसून एवढेच म्हणाल्या, "कल्याणच्या आनंदीबाईंना कुठं कोण पोचवायला गेलं होतं?" आनंदीबाई जोशी यांचे बालपण येथून सात स्टेशने पलीकडे कल्याणला गेले. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, पतीला मागे ठेवून ओळखीच्या मिशनरी बायकांच्या सोबतीने त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या आणि १८८६ त डॉक्टर झाल्या. समुद्र ओलांडणे हेच ज्या काळी पातक गणले जाई, त्या काळची ही गोष्ट. आमच्यापाशी तिला उत्तर नव्हते.

भेट मार्चात ठरली. जानेवारीत मायलेकींनी लस टोचून घेतली. व्हिसाचा अर्ज भरला. पासपोर्टांची मुदत तपासली. मूल एकाच पालकाबरोबर जाणार म्हणून वडिलांचे संमतिपत्र मागवून ठेवले. आणि निघावयास बारा दिवस उरले असता फोन आला की कामाच्या निकडीमुळे रजा पुढे गेली. नात दिवसभर रडली. सूनबाई रडल्या नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी भरलेली बॅग उघडली नाही, तशीच पलंगाखाली ढकलली. सैनिकाच्या रजेची तारीख ही पंचांगातल्या मुहूर्तासारखी पक्की नसते, हे सर्वांस ठाऊक असते, पण पटते ते असे प्रसंग आल्यावरच. सुदैवाने तिकिटे काढताना थोडे पैसे अधिक मोजून तारीख बदलता येईल अशीच काढली होती. ज्यांना असा बेत करावयाचा असेल त्यांनी हा खर्च आधीच हिशेबात धरावा. तो वाया गेला असे समजू नये. आणखी एक गोष्ट: तारीख, ठिकाण, त्याचा येण्याचा मार्ग यांविषयी चारचौघांत बोलू नये व कोठे प्रसिद्धही करू नये. दुसऱ्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी एरिट्रियात लढल्या, १९४१ साली केरेनच्या डोंगरावर चढून गेल्या. त्यांच्या घरी येणाऱ्या पत्रांवर गावाचे नाव नसे, फक्त फील्ड पोस्टाचा क्रमांक असे. त्या मायबहिणींना भेटीचा विचारही करता येत नव्हता. आपणांस तो करता येतो, एवढे भाग्य लाभले असता थोडे तोंड आवरणे जड जाऊ नये.

अखेर मे महिन्यात दोघी निघाल्या. वहिनींच्या मनात हापूसची पेटी द्यावयाचे होते. पण ताजी फळे परदेशी नेण्यात नाना अडचणी, म्हणून आंब्याची साठे, मेतकूट आणि भाजणी एवढ्यावर भागविले. सहा तासांच्या आत विमान पोहोचले. वडील बाहेर उभे होते. उन्हाने काळवंडलेले, आठ किलोंनी उतरलेले. नातीने त्यांना प्रथम ओळखलेच नाही. ती आईच्या मागे लपली आणि त्यांनीही तिला ओढून घेतले नाही. खाली बसून राहिले. पाच मिनिटांनी ती आपण होऊन आली. हे सारे सूनबाईंनी आम्हांस मागाहून सांगितले.

पहिले दोन दिवस पुतण्या बहुतेक झोपूनच होता. तिसऱ्या दिवशी तिघे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी गेले. ठाण्याच्या मासुंदा तलावाला फेऱ्या घालण्याची सवय असलेल्या आमच्या नातीला तो समुद्रच वाटला. आणि त्यात नवल नाही, कारण ते सरोवर महाराष्ट्राच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढे आहे. पुढे कंपालावरून ते जिंजाला गेले. तेथे सरोवराचे पाणी नदी होऊन बाहेर पडते. १९४८ साली महात्माजींच्या रक्षेचा काही भाग तेथे विसर्जित करण्यात आला होता. हीच पांढरी नाईल पुढे जुबा, बोर आणि मलकाल या गावांवरून उत्तरेस जाते.

"म्हणजे हे पाणी तुमच्या घराजवळ येणार?" नातीने विचारले.

"वाटेत फार मोठी दलदल आहे. अर्धं पाणी तिथंच उन्हानं आटतं. उरलेलं येतं."

तिने ते मनात ठेवले असावे. निरोपाच्या वेळी ती रडली नाही. वडिलांना म्हणाली, "उरलेलं येतं ना, मग तुम्ही बघा हं."

मायलेकी परत आल्या त्या रात्री घरात सगळे भोवती जमले. छायाचित्रे पाहिली, खाऊ वाटला, शंभर प्रश्न झाले. वहिनी बाजूला बसून ऐकत होत्या. सगळे पांगल्यावर त्यांनी सूनबाईंना एकच विचारले.

"झोपला का गं तो?"

"पहिले दोन दिवस नुसते झोपलेच होते, आई."

"मग बरं झालं," वहिनी म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसाचे विरजण लावावयास उठल्या.

एकत्र कुटुंबात आनंद सर्वांनी मिळून भोगावयाचा असतो, असे आपण लहानपणापासून शिकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु परमुलखी शिणलेल्या माणसाच्या भेटीचा बेत करताना आधी विचारावे ते हे, की त्याला काय हवे आहे. आपण किती जण गेलो यापेक्षा आपल्यापैकी कोण कोण समजून मागे राहिले, यावरही ती भेट त्याला किती लाभली ते ठरत असते. त्या वर्षीच्या दिवाळीला पुतण्या घरी आला. पहिल्या दिवशीचे अभ्यंगस्नान उरकल्यावर तो स्वयंपाकघरात आईपाशी जाऊन बसला, आणि आम्ही कोणी तिकडे फिरकलो नाही.