चांदनी चौक : पायी चालणाऱ्यांकडे परतलेली बाजारपेठ

दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजासमोरून पश्चिमेकडे निघालेला सरळ रस्ता फतेहपुरी मशिदीपाशी संपतो. हाच चांदनी चौक. पुण्यातील चांदणी चौक म्हटला की उड्डाणपूल आणि वाहनांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. दिल्लीतील हा चौक मात्र मुळात पायी फिरण्यासाठीच आखला गेला होता.

शाहजहान बादशहाची कन्या जहांआरा हिने १६५० मध्ये ही बाजारपेठ वसविली. रस्त्याच्या मधोमध यमुनेचे पाणी आणणारा कालवा वाहत असे. मध्यावरील हौदात चांदणे उतरत असे, म्हणून हे नाव पडले, असे सांगितले जाते. कालवा पुढे नाहीसा झाला. १९०८ मध्ये येथे ट्राम आली आणि १९६३ मध्ये ती बंदही झाली. त्यानंतरची अनेक दशके मोटारी, रिक्षा, हातगाड्या आणि डोक्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा हेच या रस्त्याचे रूप होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये ते पालटले. लाल जैन मंदिरापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या सुमारे तेराशे मीटरच्या पट्ट्यात तांबड्या दगडाची फरसबंदी करण्यात आली, तारा जमिनीखाली नेण्यात आल्या आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळेत मोटार वाहनांना बंदी घालण्यात आली. सायकल रिक्षांना मात्र मुभा राहिली. मेट्रोने चांदनी चौक किंवा लाल किला स्थानकावर उतरले की पुढचा सारा भाग पायाखाली घालता येतो.

फेरी लाल किल्ल्याच्या बाजूने सुरू करणे सोयीचे. आरंभीच लाल जैन मंदिर लागते. त्याच्या आवारात जखमी पक्ष्यांवर उपचार करणारे रुग्णालय आहे. शेजारचे गौरीशंकर मंदिर आपा गंगाधर नावाच्या मराठा शिवभक्ताने १७६१ मध्ये बांधल्याचे सांगितले जाते. पुढे शीशगंज गुरुद्वारा. गुरू तेगबहादूर यांचे १६७५ मध्ये येथेच बलिदान झाले. त्याला लागून असलेल्या सुनहरी मशिदीत बसून नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्लीच्या कत्तलीचा हुकूम दिला होता. इतका इतिहास शे-दोनशे पावलांत सामावला आहे, आणि त्याच पावलांवर जिलबीही तळली जाते.

ती जिलबी दरीबा कलान या गल्लीच्या तोंडाशी मिळते. जाडजूड, तुपात तळलेली आणि गरमच खायची. दरीब्यात चांदीच्या दागिन्यांची दुकाने आहेत, तशीच १८१६ पासूनची परंपरा सांगणारी अत्तराची पेढीही आहे. येथून किनारी बाजारात शिरले की जरी, गोटा, फेटे, तोरणे अशा लग्नाच्या साहित्याने दोन्ही भिंती झाकलेल्या दिसतात. याच बाजारातून आत वळणारी नौघरा ही नऊ घरांची गल्ली पाहिल्याशिवाय परतू नये. रंगविलेल्या दारांच्या या जैन वस्तीत बाहेरचा कल्लोळ एकाएकी थांबतो.

पराठेवाली गलीची कीर्ती महाराष्ट्रातही पोहोचली आहे. पण तेथील पराठा तव्यावर भाजलेला नसतो, तर कढईत तुपात तळलेला असतो. परंपरेने त्यात कांदा-लसूण नसते. सोबत बटाट्याची आणि भोपळ्याची भाजी, चिंचेची चटणी, लोणचे. या व्यवसायातील जुनी घराणी एकोणिसाव्या शतकापासूनची आहेत, मात्र गल्लीत आता पराठ्यांची दुकाने मोजकीच उरली असून कपड्यांची दुकाने वाढली आहेत. हिवाळ्यात जाणाऱ्याने ‘दौलत की चाट’ चुकवू नये. नावात चाट असली तरी हा पदार्थ गोड आहे. दूध घुसळून काढलेला फेस, त्यावर केशर, खवा आणि पिस्ते. ऊन चढले की फेस बसतो, म्हणून तो थंडीच्या दिवसांतच विकला जातो.

पर्यटकाला दिसणारा हा भाग झाला. चांदनी चौकाचे पोट मात्र घाऊक व्यापारावर चालते. एकेका गल्लीत एकेक माल, अशी येथील जुनी रचना आहे: नई सडकेवर पुस्तके, कटरा नील येथे कापड, भागीरथ पॅलेसमध्ये विजेचे सामान. कटरा म्हणजे मधल्या चौकाभोवती दुकाने असलेला, बहुधा एकाच व्यवसायाचा वाडा. उत्तर भारतातील लहान गावांचे दुकानदार येथून माल नेतात. त्यामुळे वाहनबंदीने फिरणाऱ्यांची सोय झाली असली, तरी गठ्ठे वाहून नेण्याचा भार हमाल आणि हातगाडीवाल्यांवर आला. अवजड खरेदी करणारा ग्राहक दुरावल्याची तक्रार काही व्यापारी करतात. नियम धाब्यावर बसवून दुचाकी घुसतात, ही फिरणाऱ्यांची तक्रार आहे. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे.

अधिक गंभीर प्रश्न गल्ल्यांच्या आत आहे. रस्त्यावर फरसबंदी झाली, पण मागच्या हवेल्यांची गोदामे होत गेली आणि राहणारी कुटुंबे कमी होत गेली. भागीरथ पॅलेस ही एकेकाळची बेगम समरूची हवेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच बाजारात लागलेल्या आगीत अनेक दुकाने भस्मसात झाली आणि अरुंद वाटांमुळे ती विझविण्यास काही दिवस लागले. समोरच्या रुंद, स्वच्छ रस्त्याचा तेथे फारसा उपयोग झाला नाही.

फेरीचा शेवट खारी बावलीत करावा. फतेहपुरी मशिदीलगतच्या या मसाल्यांच्या बाजारात मिरचीच्या पोत्यांजवळून जाताना नवख्याला ठसका लागतोच. हळद, वेलदोडे, सुका मेवा येथे किरकोळीतही मिळतो, परंतु भाव दोन-तीन दुकानांत विचारून घ्यावा. रविवारी बहुतेक घाऊक दुकाने बंद असतात. खरेदी करणाऱ्याने तो दिवस टाळावा. केवळ इमारती पाहणाऱ्याला तोच बरा. रात्री नऊनंतर मोटारींना रस्ता खुला होतो आणि उद्याच्या मालाच्या गाड्या आत येऊ लागतात.