हे काम कुणाच्या हातचं?

भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी खोल गेलं की इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं पळसनाथ मंदिर उघडं पडतं. 2024 च्या उन्हाळ्यातही पडलं. बघायला आलेला माणूस हमखास म्हणतो, "हेमाडपंती!"

जरा थांबू या. चुन्याशिवाय दगडात दगड बसवणं, ही हेमाडपंतीची शाळेत शिकलेली खूण. पळसनाथाचं शिखर तर विटांचं! शिवाय ही शैली ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते हेमाद्री पंडित 13 व्या शतकातले, देवगिरीच्या यादवांचे मंत्री. अंबरनाथचं शिवमंदिर 1060 चं, तरी तेही सर्रास हेमाडपंतीच. मोडी लिपी आणि बाजरीसुद्धा लोकांनी त्यांच्याच खात्यावर मांडली आहे.

मोठ्या नावाची ही ओढ आपली, पण काम कुणाच्या हातचं हा प्रश्न सगळीकडे आहे. इंग्लंडातल्या न्यूकॅसलला 1760 च्या दशकात विल्यम बिल्बी आणि त्यांची बहीण मेरी काचेच्या पेल्यांवर मिन्याचं काम करत. काचेची रंगीत पूड कालवून कुंचल्यानं लावायची, मग पेला भट्टीत भाजायचा. आच थोडी जास्त झाली तर पेलाच वाकणार. त्यांची ओळख म्हणजे निळसर झाक असलेला पांढरा रंग आणि द्राक्षवेली. सही मोजक्याच पेल्यांवर, तीही काही ठिकाणी नुसतं आडनाव. मग यातलं मेरीचं कुठलं? तिला भावानं हे काम शिकवलं, हे थॉमस ब्यूइकनं आठवणींत लिहून ठेवलंय. तो 1767 पासून त्यांच्याच दुसऱ्या भावाकडे, राल्फकडे, उमेदवारी करत होता.

आमच्या शेजारी कर्नाटकात मात्र शिल्पकारांनी स्वतःच ओळख पटवायची सोय करून ठेवली. बेलूरच्या मंदिरात दासोजाचं नाव मूर्तीखाली कोरलेलं सापडतं, सोमनाथपूरच्या मंदिरात मल्लितम्माचं. सोमनाथपूर उभं राहिलं तेही 13 व्या शतकातच!

भीमाकाठी तसं भाग्य नाही. करमाळ्याच्या बाजूला पाण्यातून डोकावणारा कुगावचा इनामदार वाडा मालकाच्या नावानं ओळखला जातो, गवंड्याच्या नव्हे. पळसदेवच्या वीरगळांचंही, म्हणजे वीरांच्या स्मारकशिळांचंही, तेच. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाला झुंज, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याला चंद्र-सूर्य. पण डोळे कसे कोरलेत, घोड्याची मान कशी वळवलीय, हे दोन वीरगळांत ताडून पाहा. पाथरवटाचा हात ओळखायचा तो असाच.

त्यासाठी पाणी चढण्याआधी प्रत्येक दगडाचे जवळून फोटो घेऊन ठेवायला हवेत. देवळाचे लांबून काढलेले फोटो ढिगानं आहेत.