बाहेरचा पाऊस, आतला पाऊस

जुलैतल्या रविवारी सकाळी धसईच्या नाक्यावर उभं राहिलं की दोन तऱ्हेची माणसं दिसतात. मुरबाडहून आलेली पोरं देहरीच्या जीपची वाट बघत असतात. पाठीवर सॅक, अंगात चुरचुर वाजणारी रंगीत जॅकेटं, चेन थेट गळ्यापर्यंत. त्यांना गोरखगड चढायचा असतो. रस्त्यापलीकडच्या खाचरांत आवणी चाललेली असते. तिथे कुणाच्या पाठीवर मेणकापडाचा घोंगता, तर एखाद्या म्हातारीच्या पाठीवर अजूनही इरलं. तासाभरानं दोघांच्या पाठीला हात लावून बघितला, तर इरल्याखालची पाठ कोरडी लागते आणि जॅकेटातली ओलीगच्च. जॅकेट कुठेही गळलेलं नसतं. आतलं पाणी घामाचं असतं.

एकदा देहरीतल्या एका काकांनी चढणीच्या तोंडाशीच मला टोकलं होतं, “एवढं घालून चढशील तर आतूनच भिजशील.” जॅकेट निवडण्याचं निम्मं शास्त्र या एका वाक्यात आहे. उरलेलं निम्मं असं.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपल्याकडे कुठल्याही पातळ जॅकेटला सरसकट ‘विंडचीटर’ म्हणतात, पावसाळ्यात दुकानाबाहेर टांगलेल्या रेनकोटालासुद्धा. पण वारा अडवणं आणि पाणी अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पाणी अडवणारं कापड वारा अडवतंच. वारा अडवणारं कापड मात्र पाणी अडवेलच असं नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या भुरभुरीत ते तग धरतं, मुरबाडच्या आषाढसरीत नाही.

मग दर वेळी पाणी अडवणारंच का घेऊ नये? त्याचं उत्तर कळायला वारा आपलं काय नेतो ते आधी बघू. आपलं अंग कातडीलगतचा हवेचा पातळ थर सतत तापवत असतं. हवा स्थिर असेल तर तो थर दुलईसारखा काम करतो. वारा सुटला की तो उडवून नेतो आणि अंगाला नवा थर तापवावा लागतो, पुन्हा पुन्हा. त्यात कपडे ओले असले तर दुहेरी मार बसतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं आणि वाळता वाळता आणखी ऊब घेऊन जातं. माठातलं पाणी ज्या न्यायानं गार होतं, त्याच न्यायानं ओल्या शर्टातला माणूस.

हा वारा अडवायला घट्ट विणीचं नायलॉन किंवा पॉलिएस्टर पुरतं. धागे इतके दाटीनं बसलेले असतात की झोत आरपार जात नाही. तरी बारीक फटी राहतात आणि त्यांतून घामाची वाफ सुटते. असं जॅकेट शंभर-दीडशे ग्रॅमचं, मुठीत मावणारं असतं. पारख सोपी आहे: कापड ओठांना घट्ट लावून जोरात फुंका. पलीकडे धरलेल्या तळहाताला फुंकर लागली नाही, तर कापड कामाचं.

पाणी अडवण्याचं काम जास्त किचकट. पूर्वीच्या रबरी रेनकोटांनी ते सरळ सोडवलं होतं, सगळीच दारं बंद करून. बाहेरचा पाऊस आत येत नसे आणि आतला घाम बाहेर जात नसे. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोअर टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाच्या तापवलेल्या कांड्या ताणून बघत होते. हळू ताणली की कांडी तुटायची. वैतागून त्यांनी एकदा जोरात हिसका दिला आणि कांडी तुटायच्या ऐवजी कित्येक पट लांबली. अशा ताणलेल्या पदार्थात अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी तयार होते. पाण्याचा थेंब त्यांतून शिरत नाही, वाफेचा कण मात्र निसटतो. गोअर-टेक्सचा मूळ पडदा तो हाच. आज इतर कंपन्याही वेगवेगळ्या पदार्थांचे असे पडदे बनवतात. कापडाच्या पोटाशी हा पडदा आणि बाहेरच्या अंगाला पाणी झटकणारा लेप, अशी चांगल्या जॅकेटाची रचना असते.

लेबलवर बहुधा दोन आकडे असतात. पहिला मिलिमीटरमध्ये. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करत नेतात आणि किती उंचीला थेंब पाझरू लागतात ते मोजतात. १०,००० म्हणजे दहा मीटर, जवळजवळ तीन मजल्यांइतकं उंच पाणी. पावसाच्या थेंबाचा दाब सहसा याहून कमीच असतो. पण सॅकचा पट्टा खांद्यावर आणि ओला कातळ बुडाखाली कापडाला दाबतो, तिथे कमी आकड्याचं जॅकेट हार मानतं. आपल्या पावसाला १०,००० च्या आसपासचा आकडा असावा. त्याहून महत्त्वाची शिवण. सुईचं प्रत्येक भोक ही गळतीची जागा असते. जॅकेट उलटं करून बघा, सगळ्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असेल, तर तो भुरभुरीपुरता माल समजावा.

दुसरा आकडा ग्रॅममध्ये: एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती वाफ बाहेर जाते. इथे थोडा हिशेब करू. १०,००० ग्रॅमला चोवीसनं भागलं की तासाला सुमारे ४१७ ग्रॅम भरतात. दमट हवेत सॅक घेऊन खडी चढण चढणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो. सगळा घाम जॅकेटाखालचा नसतो हे खरं, पण आकडाही प्रयोगशाळेतल्या सोयीच्या हवेतला असतो. वाफ जास्त दमट बाजूकडून कमी दमट बाजूकडे सरकते. जुलैत सह्याद्रीच्या पायथ्याशी बाहेरची हवाच वाफेनं भरलेली असते. वाफेनं जावं तरी कुठे? युरोपातल्या कोरड्या, गार डोंगरावर छान ‘श्वास घेणारं’ महागडं जॅकेट देहरीच्या जंगलात गुदमरतं ते यामुळे. त्यात बाहेरचा लेप झिजलेला असेल तर कापड पाणी पिऊन बसतं आणि उरलीसुरली वाटही बंद होते.

इरल्याचं शहाणपण इथे कळतं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात दाबून बसवलेली पानं, आणि पुढून, खालून सगळं मोकळं. पाणी पाठीवरून निथळतं, वारा पोटाकडून खेळतो. जॅकेटात हेच काम बगलेतल्या चेनी करतात. पावसाळी जॅकेट घेताना दुसऱ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा बगलेत चेन आहे का ते आधी बघा.

पण इरलं खाचरातलं. नाणेघाटाच्या तोंडाशी ते कामाचं नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून आलेला वारा कड्यावर आपटून वर उसळतो, इतक्या जोरानं की धबधब्याचं पाणी उलटं वर फेकलं जातं. तिथे पाऊस खालून येतो. छत्री उलटते, इरलं उडतं. अशा जागी जॅकेटाचा कमरेचा नाडा, मनगटाच्या पट्ट्या आणि तोंडाभोवती आवळता येणारी टोपी या तीन गोष्टींवर सगळी भिस्त असते.

म्हणून निवड करताना दुकानाआधी महिना आणि वाट ठरवायची. डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसतो आणि पहाटेच्या कड्यावर झोंबतो तो वारा. तेव्हा वारा अडवणारं हलकं जॅकेट आणि आत एक ऊबदार थर पुरतो. चढतानाही ते अंगात राहू शकतं. जून ते सप्टेंबर पाणी अडवणारंच हवं, पण ते घालायचं कधी हे कळलं पाहिजे. पळूहून दाऱ्या घाट चढा किंवा देहरीहून गोरखगड, चढताना भिजायला हरकत नाही. अंग तापलेलं असतं आणि पाऊस कोमट. चटकन वाळणारा शर्ट घालावा, सुती नको, कारण सूत पाणी धरून ठेवतं. जॅकेट सॅकमध्ये, आणि सॅकच्या आत खताच्या गोणीतल्यासारखी एक जाड प्लास्टिकची पिशवी. त्या पिशवीत कोरडा शर्ट.

खरा धोका थांबल्यावर असतो. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, माथ्यावर वारा मोकळा असतो आणि चालणं थांबलं की अंगातली भट्टीही मंदावते. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की जिवावर बेततं, आणि त्यासाठी बर्फ लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावर धुक्यात वाट चुकलेल्या पुण्याच्या तरुणांपैकी एकाचा पाऊस-थंडीनं बळी गेला. थरथर, अडखळतं बोलणं, पाय नीट न पडणं ही अशा गारठण्याची सुरुवातीची चिन्हं. सोबत्यात ती दिसली तर ओले कपडे उतरवायचे, कोरडे चढवायचे आणि त्याला वाऱ्याआड बसवायचं.

जॅकेटाची निगा फारशी नाही. मातीनं आणि घामानं लेप मरतो, म्हणून साध्या सौम्य साबणानं धुवावं. कपडे मऊ करणारं द्रावण वापरू नये. लेबलवर परवानगी असेल तर वर फडकं ठेवून कोमट इस्त्री फिरवली की लेप पुष्कळदा पुन्हा जागा होतो. पेलाभर पाणी ओतून बघा. थेंब मोत्यांसारखे घरंगळले तर जॅकेट जिवंत, कापड गडद झालं तर लेप नव्यानं द्यायची वेळ झाली.

गोरखगडाच्या कोरीव पायऱ्या संपवून तुम्ही वरच्या गुहेत शिरता. समोर ढगातून मच्छिंद्रगडाचा सुळका दिसतो न दिसतो. अंगातून वाफा निघत असतात आणि अजिबात थंडी वाजत नसते. तीच वेळ. थंडी वाजायच्या आधी ओला शर्ट पिळून बाजूला टाका, पिशवीतला कोरडा चढवा आणि वर जॅकेटाची चेन गळ्यापर्यंत ओढा. खाली धसईच्या नाक्यावर जी चेन लवकर ओढली गेली होती, ती ओढायची जागा ही.