दुखणाईत माणूस कोणाचा?

घरांत एखादें वडील माणूस अंथरुणाला खिळलें, म्हणजे एकत्र कुटुंबाची खरी परीक्षा होते. थोरली सून पथ्य सांभाळते, धाकटे चिरंजीव डॉक्टरांकडे हेलपाटे घालतात, नातवंडें पाय चेपतात. पण हें सर्व नीट चाललें आहे कीं नाहीं, हें पाहणारें एक जबाबदार माणूस घरांत असावें लागतें. तें नसलें, कीं दुपारचें औषध दुसऱ्या कोणी दिलेंच असेल, असें प्रत्येकास वाटतें आणि औषध कोणीच दिलेलें नसतें. ‘भागीचें घोडें किवणानें मेलें’ ही म्हण या अनुभवास तंतोतंत लागू पडते. घरास लागू पडणारी ही गोष्ट गांवासही लागू पडते काय, हें आज आष्ट्याच्या निमित्तानें पाहूं.

आष्टा हें वाळवें तालुक्यांतील, सांगली-इस्लामपूर रस्त्यावरचें गांव. २०११ च्या खानेसुमारींत त्याची वस्ती सुमारें ३७ हजार भरली. जुन्या सातारा जिल्ह्यांत ज्या थोड्या गांवांना एकोणिसाव्या शतकांतच नगरपालिका मिळाल्या, त्यांपैकीं हें एक. पुढें १९४९ सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. जिल्हा बदलला, तरी गांवाचा कारभार गांवकऱ्यांच्या सभेनें पाहावा, ही रीत टिकली. जुन्या नगरपालिकांचें आरोग्यकार्य साधें होतें : रस्ते झाडावे, दिवे लावावे, देवी टोंचाव्या, साथ आली म्हणजे बंदोबस्त करावा. १८९६ सालीं मुंबईंत शिरलेला प्लेग लवकरच देशावर पसरला, तेव्हां रोगाचें रूप उघड होतें आणि उपायही गांवानें एकत्र करण्याचे होते. मार्च २०२० मध्यें आष्ट्याशेजारच्या इस्लामपुरांत (आतांच्या ईश्वरपुरांत) करोनाचे वीसांहून अधिक रुग्ण निघाले, त्या वेळींही आरोग्य, महसूल, पोलीस व नगरपरिषद यांनीं एकमेकांच्या हातांत हात घालून काम केलें.

साथीच्या धाकानें जें घडतें, तें एरवीं घडत नाहीं, ही खरी अडचण आहे. आजचें दुखणें साथीचें नसून बहुधा दीर्घ मुदतीचें असतें : मधुमेह, रक्तदाब, अर्धांगवायु, वार्धक्य. समजा, आष्ट्यांतील एका वृद्ध विधवेस अर्धांगवायूचा झटका आला. तिच्यावर उपचार करणारें सरकारी रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचें. निराधार अनुदानाचा अर्ज तहसील कचेरींत. अपंगत्वाच्या दाखल्यासाठीं सांगलीस जावयाचें. धान्य पुरवठा खात्याकडे. अपंगांसाठीं राखलेला निधि नगरपरिषदेकडे. पांच दारें, पांच अर्ज! प्रत्येक दारीं तिचें एकच अंग पाहिलें जातें. सबंध बाई कोणासच दिसत नाहीं. रुग्णालयांतून ती घरीं परतल्यावर तिला कुशीवर कोण वळवतें, पाठीला जखमा झाल्या तर कोण पाहतें, हा प्रश्न तर कोणत्याच अर्जांत विचारलेला नसतो.

मग हें सबंध पाहण्याचें काम कोणाचें? कायदा याविषयीं अगदींच मुका नाहीं. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमांत स्वच्छता, वैद्यक व सार्वजनिक आरोग्य यांची एक विषयसमिति आणि महिला व बालकल्याणाची दुसरी समिति सांगितली आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें जोडलेल्या बाराव्या परिशिष्टांत सार्वजनिक आरोग्य आणि दुर्बलांचें व अपंगांचें हितरक्षण, हे दोन्ही विषय नगरपरिषदांकडे सोंपविण्याजोगे म्हणून नमूद आहेत. उत्पन्नाचा शेंकडा ५ हिस्सा अपंगांसाठीं खर्च करावा, असा शासनाचा दंडक आहे. अधिकार अपुरे आहेत हें खरें. रुग्णालयाचा डॉक्टर नगरपरिषदेचा नोकर नव्हे. परंतु विचारपूस करण्यास नोकराचा मालकच असावें लागतें असें नाहीं. दुःख याचें कीं, २०२१ च्या अखेरीपासून २०२५ च्या डिसेंबरांतील निवडणुकांपर्यंत राज्यांतील बहुतेक नगरपरिषदांचा कारभार प्रशासकांच्या हातीं होता. एवढीं वर्षें या समित्यांत लोकांनीं निवडून दिलेला विचारणारा कोणी बसलाच नाहीं.

केवळ समिति नेमल्यानें काम भागतें, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. इंग्लंडांत २००१ च्या कायद्यानें स्थानिक कौन्सिलांच्या समित्यांना सरकारी रुग्णालयांच्या कारभाराची छाननी करण्याचा अधिकार मिळाला. तरीही स्टॅफर्ड येथील रुग्णालयांत २००५ ते २००९ च्या दरम्यान रुग्णांची भयंकर हेळसांड झाली. ती चव्हाट्यावर आणण्यास मृतांचे आप्तच मुख्यतः झगडले. २०१३ सालच्या चौकशी-अहवालानें स्थानिक समित्यांनाही दोष दिला. अधिकार होता, पण नेटानें विचारणें नव्हतें.

उलट, आपल्याच देशांत केरळानें १९९६ नंतर प्राथमिक आरोग्य केंद्रें स्थानिक संस्थांच्या कक्षेंत आणलीं आणि २००८ सालीं अंथरुणाला खिळलेल्यांच्या शुश्रूषेचें धोरण ठरवून तें पंचायतींशीं जोडलें. परिचारिका रुग्णाच्या घरीं जाते आणि शेजारचे स्वयंसेवक हातभार लावतात. महाराष्ट्रांतही २००७ पासून पुणें, ठाणें, नंदुरबार, अमरावती व उस्मानाबाद (आतां धाराशिव) या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. गांवकऱ्यांनीं आरोग्यसेवेची पाहणी करावी आणि जनसुनवाईंत अधिकाऱ्यांनीं सर्वांसमक्ष उत्तर द्यावें, अशी त्याची रीत. खेड्यांतील माणसें हें करूं शकतात, तर ज्या गांवाला नगरपालिकेची एवढी जुनी परंपरा आहे, त्यास तें जड कां जावें?

कोणी म्हणेल, नगरपरिषदेपाशीं पैसा कोठें आहे? परंतु आम्ही मागतों तें पैशाचें काम नव्हे. मृत्यूंची नोंद नगरपरिषदेच्याच दप्तरीं होते; त्या नोंदींवरून गांवांत कोण कशानें गेलें, याचा वर्षाकांठीं एकदां विचार व्हावा. अंथरुणाला खिळलेल्यांची प्रभागवार यादी व्हावी. आणि आरोग्य खातें, तहसील व नगरपरिषद यांचे माणूस तीन महिन्यांनीं एका बैठकीस बसून त्या यादींतील प्रत्येक नांवापुढें काय झालें, तें सांगावें. अपंगांचा निधि किती खर्चला, हें तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वयें कोणासही विचारतां येतें.

येथें सुशिक्षित घरांवर विशेष जबाबदारी येते. आपल्या घरचा दुखणाईत मिरजेच्या वा पुण्याच्या डॉक्टरांकडे नेतां येतो, म्हणून गांवच्या रुग्णालयाची चौकशी आपण सोडून दिली. ज्यांना लिहितां-वाचतां येतें आणि अधिकाऱ्यापुढें बोलतांना ज्यांची जीभ अडखळत नाहीं, त्यांनींच प्रश्न विचारणें सोडल्यावर त्या विधवेनें कोणाच्या तोंडाकडे पाहावें? शिवाय घरें लहान होत चाललीं आहेत आणि मुलें परगांवीं जात आहेत. ज्या दिवशीं पाय चेपण्यास नातवंडें घरांत नसतील, त्या दिवशीं हीच पांच दारें आपल्यालाही ठोठवावीं लागतील. तेव्हां आष्ट्याच्या, आणि आपापल्या गांवच्या, नव्या सभासदांस पहिला प्रश्न आपणच विचारावा : आपल्या प्रभागांत अंथरुणाला खिळलेलीं माणसें किती आहेत, तें आपणांस ठाऊक आहे काय?