मलाशयाच्या कर्करोगातील लसीका ग्रंथींचे प्रतिमाचित्रण

मलाशयाचा कर्करोग आसपासच्या लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचला आहे किंवा नाही, हे शस्त्रक्रियेपूर्वी मुख्यतः एमआरआय तपासणीच्या प्रतिमांवरून अजमावले जाते. रुग्णाला आधी किरणोपचार व रसायनोपचार द्यावयाचे की थेट शस्त्रक्रिया करावयाची, हे ठरविताना या अनुमानाचा विचार होतो. बाधित ग्रंथी निर्दोष मानली गेल्यास ओटीपोटात रोग पुन्हा उद्भवण्याचा धोका असतो. उलट झाल्यास अनावश्यक किरणोपचारांचे परिणाम, उदाहरणार्थ मलविसर्जनावरील ताबा कमी होणे किंवा तरुण रुग्णाची जननक्षमता जाणे, रुग्णाला आयुष्यभर सोसावे लागतात.

निकष

दीर्घकाळ ग्रंथीचे आकारमान हाच निकष मानला जाई. परंतु ५ मिलिमीटरहून लहान ग्रंथींतही कर्कपेशी आढळतात आणि केवळ दाहाने सुजलेली ग्रंथी मोठी दिसू शकते. ग्रंथीची अनियमित कडा व तिच्यातील विषम छटा ही लक्षणे आकारमानापेक्षा अधिक विश्वसनीय असल्याचे जीना ब्राऊन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविले. युरोपीय क्ष-किरणतज्ज्ञांच्या २०१६ च्या सहमतीत दोन्हींचा मेळ घातला आहे. लघुअक्ष ९ मिलिमीटर वा अधिक असल्यास ग्रंथी संशयित ठरते. ५ ते ९ मिलिमीटर असल्यास गोल आकार, अनियमित कडा व विषम छटा यांपैकी दोन लक्षणे लागतात, तर त्याहून लहान असल्यास तिन्ही. असे असूनही चुका होतातच.

संशोधनातील मुख्य अडचण पडताळणीची आहे. प्रतिमेत दिसलेली ग्रंथी आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेली ग्रंथी एकच आहे, हे सिद्ध करणे कठीण असते. शिवाय किरणोपचारांनी ग्रंथी आक्रसतात. त्यामुळे उपचारापूर्वी त्या बाधित होत्या का, हे नंतर निश्चित सांगता येत नाही.

पार्श्व ग्रंथी

मलाशयाभोवतीचे मेदाचे आवरण अखंड काढण्याची शस्त्रक्रिया बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडली. तिच्यात आवरणातील ग्रंथी आपोआप निघतात. ओटीपोटाच्या भिंतीलगतच्या पार्श्व ग्रंथी मात्र मागे राहतात. त्यांच्याबाबत प्रतिमेचे महत्त्व अधिक आहे. जपानमधील ७०१ रुग्णांच्या चाचणीत पार्श्व ग्रंथी काढलेल्या गटात स्थानिक पुनरुद्भव ७.४ टक्के, तर न काढलेल्या गटात १२.६ टक्के आढळला. या चाचणीत प्रतिमेवर पार्श्व ग्रंथी वाढलेल्या दिसणारे रुग्ण घेतलेले नव्हते, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

भारतातील संदर्भ

मुंबईतील परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय आणि नवी मुंबईतील खारघर येथील 'ॲक्ट्रेक' ही संशोधनसंस्था, या दोन्ही अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतील टाटा स्मारक केंद्राचे घटक आहेत. या केंद्रातील शल्यचिकित्सकांनी पार्श्व ग्रंथींच्या शस्त्रक्रियेवर संशोधनपर लेखन केले आहे. येथील रुग्णांत तरुणांचे, तसेच 'सिग्नेट रिंग' या आक्रमक पेशीप्रकाराचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक असल्याचेही नोंदविले गेले आहे. त्यामुळे पाश्चात्त्य रुग्णांवरून बेतलेले निकष येथे जसेच्या तसे लागू करताना सावधगिरी आवश्यक ठरते. ज्या अर्बुदांत श्लेष्मा साचतो, त्यांच्या बाधित ग्रंथी टी-२ प्रतिमेत शुभ्र दिसतात. अशी ग्रंथी कितीही लहान असली तरी ती संशयित मानली जाते.